दुपट्टा डाव्या खांद्यावर

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही अशी अख्ख्या नवेगाव बांधची समजूत आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच कदाचित तुम्हाला सांगता येईल. निदान सुरुवात करतो. शेवटापर्यंत पोचतो की मध्येच पळ काढतो, ते मलाही अजून माहीत नाही.

गोष्ट गाडीची आहे. म्हणजे — लोकांना मी ती गाडीची म्हणून सांगतो. "शालिक विमानाने गेला आणि ट्रॅक्टरच्या मागे दोरीने बांधून आला" — हे माझ्या खत-बियाण्यांच्या दुकानात बसून मी स्वतःच तिखटमीठ लावून सांगतो. लोक पोट धरून हसतात. मीही हसतो. पण त्या गोष्टीत एक माणूस आहे, आणि तो आला की मी दर वेळी एक वाक्य बदलतो. इतक्या वेळा बदललंय की आता तेच खरं वाटायला हवं होतं, नाही का? पण वाटत नाही.

तो माणूस म्हणजे फागूजी मिस्त्री. स्टँडकडून तलावाकडे निघालात की चिंचेखाली एक टिनाचं शेड दिसतं, ते त्यांचं. अंगाने किरकोळ, बोलणं त्याहून किरकोळ. पण कान! त्या कानाबद्दल काय सांगू तुम्हाला? लाकडी मुठीचा एक हातभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, होता त्यांच्याकडे. त्याचं टोक चालू इंजिनला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. मग गाडी कुणी चालवली, कशी चालवली, आतलं काय झिजलं आणि काय झिजणार आहे — डॉक्टर छातीला नळी लावून सांगतो तसं सांगायचे. देवरीच्या जंगलातल्या गावांमधून माणसं जुना ट्रॅक्टर घेण्याआधी त्यांना न्यायला यायची. मी लहानपणापासून ते बघत आलो, तरी दर वेळी अंगावर काटा यायचा. एवढं ऐकू येतं माणसाला?

फागूजींचे वडील बैलांचे पारखी होते. बैलबाजारात घेणाऱ्याबरोबर पारखी जायचा. बैल बघायचा, पण विकणाऱ्यासमोर चकार शब्द काढायचा नाही — दुसऱ्याच्या दारात उभं राहून त्याच्या मालाला नावं ठेवणं वाईट. बोलायचा तो दुपट्टा. आमच्याकडे पुरुषाच्या खांद्यावर पांढरा दुपट्टा असतोच. तो उजव्या खांद्यावर राहिला, तर घ्या. पारख्याने तो उजव्यावरून काढून डाव्यावर टाकला, तर निमूट घरी चला. इशारा एकदाच. घेणाऱ्याने एकदा सौदा केला की पारखी त्यावर पुन्हा बोलणार नाही. पारख्याला मजुरीही नाही. माल वर्षभर नीट चालला तर घेणारा एक नवा दुपट्टा आणून त्याच्या खांद्यावर घालतो, बस्स. बैल गेले, गाड्या आल्या, फागूजींनी पद्धत तीच ठेवली. त्यांच्या अंगणातल्या दोरीवर ओळीने पांढरे दुपट्टे वाळत असायचे. प्रत्येक दुपट्टा म्हणजे कुणाची तरी चांगली निघालेली गाडी.

तर त्या दिवसांत गोंदियाजवळच्या बिरसीच्या विमानतळावरून हैदराबादचं विमान सुरू झालं होतं. आणि मला चारचाकी घ्यायची होती. जुनी, पण दिसायला नवी. मोबाइलवर हैदराबादची एक पांढरी गाडी पाहिली आणि पाहतच राहिलो. गोंदियात जुन्या गाड्या मिळत नव्हत्या का? ढिगाने मिळत होत्या. पण विमानाने जाऊन गाडी आणली असं आमच्या गावात कुणी केलं नव्हतं — आता कळलं ना तुम्हाला माझं दुखणं? मी महिनाभर आधी गावात सांगत सुटलो. फागूजींना म्हणालो, चला, तुम्ही पाहून द्या. ते हसले. म्हणाले, "इमानात माहा काय काम गा? पण चल, तेचंही इंजिन आयकू."

निघायच्या दिवशी मुर्रीहून माझा साळा राजू आला, त्याच्याबरोबर अर्धं सासर आलं. विमानतळाच्या दारात मला हार घातला. मुलगी तेव्हा सातवीत होती. तिने विचारलं, "बाबा, येताना कुठं बसू मी, समोर ना?" मी म्हटलं, समोरच.

पहिली फजिती तिथेच झाली. राजूने बजावलं होतं — "जिजाजी, मिस्त्रीचा सामान नीचेवाल्या बॅगमध्ये टाका, हातात नेऊ देत नाय." मी म्हटलं, उतरल्यावर त्या बॅगेसाठी कोण ताटकळत बसणार? तपासणीला पेचकस निघाला. तिथल्या माणसाने नियम दाखवला, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. तो पेचकस तीस वर्षं एका हातात राहिलेला, मूठ तेल पिऊन काळी झालेली. फागूजींनी तो पेटीत टाकला, वर एकदा हात फिरवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "राहू दे गा. कान तं नाई ठेवून घेतला ना?" राजू बाहेर होता, त्याने हे पाहिलं नाही. मी तिकीट चाळत राहिलो.

आणि मग विमान. मी तुम्हाला खरं सांगतो, त्यानंतर मी चार वेळा विमानात बसलोय, पण ते पहिलं उड्डाण अजून तसंच्या तसं आठवतं. छोटं विमान, दोन्ही बाजूंना पंखे. जमीन सुटली तेव्हा मी दोन्ही हातांनी खुर्ची धरली. फागूजींनी कपाळ खिडकीच्या कडेला टेकवलं होतं आणि डोळे मिटले होते. मला वाटलं घाबरले. नाही हो — ते ऐकत होते! चेहऱ्यावर असं काही उमटलं होतं की मी ते देवळातही कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "दोनी पंखे एका सुरात हायेत. ज्यानं बसवले, तेचे पाय धरले पायजे."

मग खाली तलाव दिसला. आमचा बांध. ज्याचा पल्याडचा काठ लहानपणी मला जगाचा शेवट वाटायचा, तो अख्खा तलाव त्या खिडकीत मावला होता. भोवती टेकड्या, मध्ये ते बेट, काठाने धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. मी त्या पाण्यात पोहायला शिकलो, त्याचा गाळ अंगाला लागून मोठा झालो — आणि तो एवढासा? आणि एवढा सुंदर? मी फागूजींना हलवून उठवलं. त्यांनी डोळे उघडले, पाहिलं, आणि दोन्ही हात जोडले. इतका स्वच्छ माणूस मी त्या अर्ध्या तासात होतो. त्याच दिवशी दुपारी मी जे केलं, ते सकाळच्या त्याच माणसाने केलं. हे मला आजही उमगत नाही.

हैदराबादला जुन्या गाड्यांचं ते आवार भलं मोठं होतं. आमची पांढरी गाडी धुऊनपुसून पुढ्यात उभी. विकणारा गोड बोलणारा. "डॉक्टर साब की गाडी है भाई, हल्लू चलाए, बारिश में निकाले इच नहीं." मी दार उघडून आत बसलो. आत अत्तराची बाटली टांगलेली, डोकं भणभणेल एवढा सुवास. आणि त्या सुवासाच्या खाली —

इथे मी नेहमी थांबतो. आज थांबत नाही.

त्या सुवासाच्या खाली गाळाचा वास होता. उन्हाळ्यात बांधाचं पाणी मागे सरकलं की काठाला जो वास येतो, तोच. दुसऱ्या कुणाला तो कळला नसता. मला कळला. मी त्या वासात वाढलोय. ही गाडी पाण्यात बसलेली होती, कुठल्या तरी पुरात नाकापर्यंत, आणि ते मला पहिल्या श्वासात कळलं.

मी उतरून बाजूला जाऊन उभा राहिलो. फागूजींनी बॉनेट उघडून इंजिन चालू करायला लावलं होतं. पेचकस तर नव्हता. त्यांनी चौकीदाराकडे त्याची काठी मागितली. आवारातली पोरं फिदीफिदी हसायला लागली. फागूजींनी काठीचं एक टोक इंजिनला लावलं, दुसरं कानाला, डोळे मिटले. हळूहळू हसणं थांबलं. सगळं आवार त्या म्हाताऱ्याकडे बघत उभं राहिलं. चौकीदाराने तर डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, का कोण जाणे. मग त्यांनी मागचं दार उघडलं, सीटचा पट्टा ओढत ओढत शेवटापर्यंत बाहेर काढला, त्याच्या टोकाकडे पाहिलं आणि हळूच पुन्हा आत जाऊ दिला. त्या टोकाला मातकट रेघ होती. धुणाऱ्यांचा हात तिथवर पोचला नव्हता.

फागूजी सरळ उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं. आणि उजव्या खांद्यावरचा दुपट्टा काढून डाव्या खांद्यावर टाकला.

मी पाहिला. दहा हातांवरून, भर उन्हात, पुरता पाहिला. आणि त्याच क्षणी खाली मान घालून खिशातून मोबाइल काढला, जणू कुणाचा फोन आलाय.

का? मला दारातला हार दिसत होता. समोरच्या सीटवर बसायला निघालेली मुलगी दिसत होती. आणि मुख्य म्हणजे स्टँडवरच्या चहाच्या टपरीवरची माणसं दिसत होती — "इमानानं गेला अन् यष्टीनं आला गा शालिक!" बस, एवढंच. यापेक्षा मोठं काही कारण असतं तर सांगताना बरं वाटलं असतं. मी वर पाहिलं ते सरळ विकणाऱ्याकडे, आणि म्हणालो, कागद करा.

फागूजी मागच्या सीटवर जाऊन बसले. सौदा झाला होता, आता ते बोलणार नव्हते. रीतच होती ती, आणि मी त्या रीतीच्या आड लपलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. आदिलाबादच्या अलीकडे काचेसमोरचे सगळे दिवे एकदम लागले आणि गाडी बंद पडली. फागूजींनी तिथल्या एका पंक्चरवाल्याकडून पाना मागून घेतला आणि तासाभरात ती चालू केली. पुढे चहाला थांबलो, तेव्हा त्यांनी बशीत बघत, अगदी सहज विचारलं, "दुपट्टा पाह्यला होतास ना गा तू?"

तेव्हा तरी "हो" म्हणता आलं असतं. आम्ही दोघंच होतो. ते हसून सोडून देणारे होते. मी म्हणालो, "कोणता दुपट्टा जी?"

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. रागाने नाही — आठवत असल्यासारखं. मग चहा संपवला.

नागपूर गेलं, भंडारा गेलं, साकोली गेली. प्रत्येक गावात ती एकदा तरी थांबली. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडताना त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून हाताला गुंडाळला, तो पुन्हा खांद्यावर गेलाच नाही. तेलाने, गंजाच्या पाण्याने त्याचं पार पोतेरं झालं. संध्याकाळी दिवेलागणीला, आमच्या गावचा फाटा फुटतो त्या कोहमाऱ्याच्या चौकात गाडी मेली, ती मेलीच. आणि चौकात राजू उभा होता, सासर उभं होतं, गावची पंधरा-वीस माणसं उभी होती. राजूच्या हातात हार होता. मुलगी नवीन फ्रॉक घालून आली होती.

बॉनेट उघडलं. कुणीतरी खालचं झाकण सोडवलं तर वाळलेला गाळ भसकन बाहेर आला. मग आमच्याकडे जो प्रश्न विचारतात तोच राजूच्या काकाने विचारला, "कोणं पाहून देल्ली ही?"

सगळे फागूजींकडे वळले. ते माझ्याकडे बघत होते. मुलगीही माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "मिस्त्रीनं पाह्यली. त्याईनं दुपट्टा टाकलाच नाई."

हेच ते वाक्य. दुकानात बसून मी जे दर वेळी सांगतो, तेच. आवाजात थोडी तक्रारही घातली होती मी. चांगली जमली होती.

फागूजींनी हातातल्या त्या काळ्या पोतेऱ्याकडे पाहिलं. मग आधी उजव्या खांद्याला हात लावला, मग डाव्या खांद्याला. दोन्ही रिकामे. ते आता काय बोलतील या भीतीने मी राजूच्या हातातल्या हाराकडे बघत राहिलो. आणि ते म्हणाले — अगदी हळू, स्वतःशीच — "टाकला नसन मी. इसरलो असन. उमर झाली."

राजूने त्यांना सावरून घ्यायला म्हटलं, "अरे, पेचकस नव्हता ना त्यांच्याजवळ, काय ऐकू येईन?" सगळ्यांनी माना हलवल्या. पेचकस तपासणीत अडकला, एवढंच मी त्याला फोनवर सांगितलं होतं; कुणामुळे, ते आताही बोललो नाही. मग ट्रॅक्टर आला, दोरी बांधली, आणि मुलगी समोरच्या सीटवर बसली. हट्टच होता तिचा. तशीच आम्ही गावात आणली गाडी.

मला वाटलं होतं ते रागावतील, निदान माझं तोंड बघणार नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात आले. म्हणाले, चूक माझ्याकडून झाली, गाडी मीच दुरुस्त करणार. तीन आठवडे त्या चिंचेखाली त्यांनी ते इंजिन सुटं केलं, एकेक तुकडा धुतला, कानाकोपऱ्यातला गाळ काडीने टोकरून काढला. हातबोट लावायला मी गेलो तर म्हणाले, "तू राहू दे, तुहा का दोष?" एका पैशाला शिवले नाहीत. आणि मग ती गाडी चालली — ऐकताय ना? पाण्यात मेलेली गाडी त्या माणसाने माझ्या पापासाठी जिवंत केली, आणि ती दोन वर्षं कुरकुर न करता चालली. मी तिच्यातून लग्नांना गेलो. दर वेळी किल्ली फिरवताना तो आवाज यायचा, गुळगुळीत, एका सुरातला. मी थक्क व्हायचो, आणि मग मान खाली घालायचो.

वर्ष झाल्यावर रीतीप्रमाणे नवा दुपट्टा न्यायला हवा होता. विकतही घेतला. पण तो घातला असता तर लोकांनी विचारलं असतं, चुकलेल्या पारख्याला दुपट्टा कायले? तो अजून माझ्या कपाटात आहे, घडी न मोडलेला.

फागूजींना न्यायला येणारी माणसं कमी होत गेली. "कान गेला मिस्त्रीचा" — कोहमाऱ्याच्या चौकातून ते देवरीपर्यंत पोचलं. पण खरं सांगू? लोकांनी बोलावणं थांबवलं त्याआधी त्यांनीच जाणं थांबवलं होतं. कुणी आलं तर म्हणायचे, माझा भरवसा नाही राहिला. अंगणातल्या दोरीवर आता एकच दुपट्टा वाळतो. शेडमध्ये ते पंक्चर काढतात, हवा भरतात.

मागच्या महिन्यातली गोष्ट. माझी आताची गाडी आवाज करत होती. मी साकोलीला निघालो होतो, पण चिंचेपाशी आपोआप थांबलो. का थांबलो, नका विचारू. फागूजी उठून आले. मी काही म्हणायच्या आत त्यांची मान कलली, डोळे मिटले. काठी नाही, पेचकस नाही. पुढच्या डाव्या चाकाकडे गेले. ओठ हलले — "बेरिंग". आणि त्यांचा हात उजव्या खांद्यावर गेला, दुपट्टा उचलला आणि डाव्या खांद्यावर टाकला.

मग ते थबकले. खांद्यावरच्या दुपट्ट्याला हात लावून बघितला. आणि मला विचारलं, अगदी पोरासारखं, "शालिक, आता टाकला ना गा मी?"

"हो जी," मी म्हणालो, "टाकला."

"पाह्यलास ना तू?"

"पाह्यला जी."

केवढा आनंद झाला त्यांना! तोंडभर हसले. म्हणाले, "तरी साकोलीले दाखवून घेजो बापा. माहा का भरवसा."

"तेव्हाही टाकला होता" — तीन शब्द होते, अगदी जिभेवर आलेले. ते पुढे उभे होते, हसत होते, रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. मी गाडी सुरू केली आणि साकोलीला गेलो.

तिथल्या मिस्त्रीने चाक उघडलं. बेरिंगच होतं.